वही घेऊन ‘द ग्रेट गॅट्सबी’ : सहा शनिवारांत गटाने कशी वाचावी

‘द ग्रेट गॅट्सबी’ ही एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची कादंबरी अंगाने लहान आहे. नऊ प्रकरणं, साधारण १८० पानं. एकट्याने वाचली तर दोन-तीन दिवसांत संपते आणि बहुतेकांच्या लक्षात एवढंच राहतं : एक श्रीमंत माणूस, त्याचं जुनं प्रेम, झगमगत्या पार्ट्या आणि शेवटी खून. हेच पुस्तक हाताशी हिशेबाची वही ठेवून वाचलं की फार वेगळं दिसतं. यात प्रेमाच्या जवळजवळ प्रत्येक प्रसंगाला एक रक्कम चिकटलेली आहे, आणि बहुतेक ठिकाणी तारीखही. कोणाच्या डोळ्यांवरची पट्टी नेमकी कधी सुटली हे शोधायला प्रतीकांच्या मागे धावावं लागत नाही, आकडे नीट मांडले की पुरतं.

गट, वार, जागा

सहा ते आठ माणसं घ्या. पाचच्या खाली गेलात तर दोघं गैरहजर राहिली की बैठक बारगळते, आणि दहाच्या वर गेलात तर मोठ्याने वाचायची पाळी निम्म्यांना मिळत नाही. वार शनिवारच ठेवा. रविवारी मेगाब्लॉकमुळे डोंबिवली-विरारची मंडळी अडकतात आणि तिसऱ्या बैठकीपासून गट विरळ होतो. मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्गांना दादर सोयीचं. शिवाजी पार्कचा कट्टा गप्पांना छान, पण मोठ्याने वाचायला नाही, आवाज टिकत नाही. एखाद्याच्या सोसायटीची गच्ची किंवा घराचा हॉल बरा. दोन तास पुरतात. त्यातली चाळीसेक मिनिटं निवडक पानं मोठ्याने वाचायची आणि उरलेल्या वेळात वही आणि बोलणं.

वाचन इंग्रजीत, चर्चा मराठीत. मूळ मजकूर सुमारे ४८ हजार शब्दांचा आहे. इंग्रजी रोजच्या वाचनात नसेल तर सगळं मिळून सहा-सात तास धरा. एका बैठकीचा भाग डोंबिवली ते सीएसएमटी जाण्या-येण्यात होऊन जातो, बसायला मिळालं तर.

प्रत कोणती

लेखक १९४० साली वारला. आपल्या कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ या संकेतस्थळावरची फुकट प्रत निर्धास्तपणे वापरा. कागदी प्रत हवी असेल तर फ्लोरा फाउंटनच्या किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्यात मिळण्यासारखी आहे. तिथे एक गोष्ट तपासून घ्या. शाळकरी मुलांसाठी सोप्या केलेल्या, कापलेल्या आवृत्त्याही फिरत असतात आणि मुखपृष्ठावरून त्या कळत नाहीत. चौथं प्रकरण उघडा. सुरुवातीलाच पार्टीला येणाऱ्या पाहुण्यांच्या नावांची लांबलचक यादी असली पाहिजे. कापाकापीत ती टिकणं कठीण. यादी नसेल तर पुस्तक परत ठेवा.

पहिल्या पानावरच्या कवितेखाली थॉमस पार्क द’इनव्हिलियर्स असं नाव आहे. हा कवी शोधत बसू नका. तो फिट्झजेराल्डच्याच आधीच्या कादंबरीतलं एक पात्र आहे.

चित्रपट आधी पाहू नका. २०१३ चा तर नाहीच. अमिताभ बच्चन त्यात गॅट्सबीचा जुगारी साथीदार मायर वुल्फशाइम याच्या छोट्या भूमिकेत आहेत, म्हणून आपल्याकडे तो पुष्कळांनी पाहिलेला असतो. पण त्यात निवेदक निक आरोग्यधामात बसून ही गोष्ट लिहितो असं दाखवलं आहे आणि पुस्तकात तसं काही नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निवेदकाकडे नीट बघताच येत नाही.

वही कशी आखायची

दुकानदार वापरतात तसली लांब चोपडी घ्या. पुढच्या अर्ध्या भागात रोजकीर्द, म्हणजे वाचनाच्या ओघात येईल तशी नोंद. मागच्या अर्ध्या भागात खतावणी, म्हणजे प्रत्येक पात्राचं वेगळं खातं : गॅट्सबी, डेझी (त्याचं जुनं प्रेम), टॉम (डेझीचा नवरा), मर्टल (टॉमची प्रेयसी), विल्सन (मर्टलचा नवरा, गॅरेजवाला), जॉर्डन (डेझीची मैत्रीण) आणि निक. रोजकीर्दीत सहा रकाने पाडा : प्रकरण, तारीख किंवा वेळ, देणारा, घेणारा, रक्कम किंवा वस्तू, आणि शेवटचा ‘कोण सांगतंय’. हा शेवटचा रकाना गाळायचा मोह होतो. तो गाळला तर वहीचा अर्धा उपयोग गेला, कारण इथे ऐकीव, बनावट आणि डोळ्यांनी पाहिलेली माहिती एकाच सुरात येते.

पहिल्या पानावरच्या पहिल्या तीन ओळी कोऱ्या सोडा. त्या शेवटच्या शनिवारी भरायच्या आहेत.

डॉलरचं रूपांतर करताना १९२२ च्या रकमेला ढोबळमानाने अठराने गुणा आणि मग आजच्या भावाने रुपये काढा. निक वेस्ट एग या वस्तीतल्या छोट्या घराचं महिन्याला ८० डॉलर भाडं देतो, म्हणजे आजच्या हिशेबाने लाख-सव्वालाख रुपये. हा आकडा लिहिला की निकही किती सुखवस्तू आहे ते कळतं.

पहिला शनिवार : प्रकरण १ आणि २

आधी नकाशा काढा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, खाडीच्या दोन बाजूंना दोन वस्त्या. ईस्ट एगला गर्भश्रीमंत, वेस्ट एगला हल्ली पैसा आलेले. पैशाने दोघे सारखेच, पण पाण्यापलीकडचे लोक अलीकडच्यांना आपल्यातले मानत नाहीत. नरिमन पॉइंटच्या कठड्यावर बसून बॅक बेच्या पलीकडे मलबार हिलचे दिवे बघितलेल्या माणसाला हे अंतर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पलीकडच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा पहिल्या प्रकरणाच्या शेवटी दिसतो. त्याचा अर्थ काय यावर पहिल्याच दिवशी वाद घालू नका. फक्त नोंद करा. तो पाचव्या आणि नवव्या प्रकरणात परत येतो, तेव्हा बोलायला हाताशी काहीतरी असेल.

वस्त्या आणि शहर यांच्यामध्ये राखेचा माळ आहे. तो कल्पनेतला नाही. क्वीन्समध्ये कोरोना भागात कोळशाच्या राखेचे खरेच डोंगर होते. आज तिथे फ्लशिंग मेडोजचं मोठं उद्यान आहे. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरापाशी राहणाऱ्यांचं आयुष्य ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना विल्सनचं गॅरेज लगेच डोळ्यांपुढे येईल.

दारूबंदीबद्दल दोन मिनिटं बोला. अमेरिकेत ती १९२० ते १९३३ अशी देशभर होती. आपल्याकडचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा, आणि बारच्या पाटीवरचा ‘परमिट रूम’ हा शब्द त्याचीच खूण. बंदी असली की दारू थांबत नाही, ती विकणारा गबर होतो. गॅट्सबीचा पैसा कुठून आला याचं उत्तर इथेच आहे.

दुसऱ्या प्रकरणात थांबून वाचा. टॉम मर्टलला रस्त्यावर कुत्र्याचं पिल्लू घेऊन देतो, किंमत १० डॉलर. पैसे देताना तो विक्रेत्याला म्हणतो, यात आणखी दहा कुत्रे घे. ही नोंद टॉमच्या खात्यात ठळक करा. त्या पिल्लासाठी बिस्किटं मागवली जातात आणि त्यातलं एक दुधाच्या बशीत दुपारभर भिजत पडतं. या बिस्किटांचा डबा शेवटच्या प्रकरणात परत लागणार आहे.

दुसरी नोंद मर्टलच्या लग्नाची. विल्सनने लग्नात घातलेला सूट दुसऱ्याचा होता, हे तिला कळलं ते सूटवाला तो परत न्यायला दारात आला तेव्हा. त्या दिवशी ती दुपारभर रडली. इथे मागच्या बाजूला ‘कपडे’ असं एक जादा खातं उघडा.

दुसरा शनिवार : प्रकरण ३

एकच प्रकरण, पण वेळ कमी पडतो. दर शुक्रवारी संत्र्या-लिंबांच्या पाच पेट्या येतात आणि सोमवारी मागच्या दाराने रिकाम्या अर्ध्या साली निघतात. स्वयंपाकघरात अर्ध्या तासात २०० संत्र्यांचा रस काढणारं यंत्र आहे. पण त्यासाठी नोकराला अंगठ्याने २०० वेळा बटण दाबावं लागतं. हा परिच्छेद मोठ्याने वाचा, आणि ‘देणारा’ या रकान्यात त्या अंगठ्यालाही जागा द्या.

मग लायब्ररी. घुबडासारखा चष्मा लावलेला एक पाहुणा आश्चर्याने सांगतो की पुस्तकं खरी आहेत, फक्त पानं कापलेली नाहीत. हा मुद्दा हल्लीच्या वाचकाला कळत नाही. पूर्वी मोठा कागद घडी घालून बांधत. घडीची कड वाचणाऱ्याने सुरीने कापायची, तरच पान उघडे. म्हणजे पुस्तकं अस्सल विकत घेतली आणि एकही उघडलं नाही. तुमच्याकडे एखादी जुनी न कापलेली प्रत असेल तर जरूर आणा. हातात घेतल्यावर जे कळतं ते सांगून कळत नाही.

प्रकरणाच्या शेवटी निक म्हणतो की आपण पाहिलेल्या मोजक्या प्रामाणिक माणसांपैकी आपण एक. त्याच्या जरा वरच्या ओळी परत वाचा. गावाकडच्या एका मुलीला तो अजून दर आठवड्याला प्रेमाची पत्रं पाठवतो आहे, आणि याच प्रकरणात न्यूयॉर्कला आल्यावर हिशेब खात्यातल्या एका मुलीशी त्याचं थोडे दिवस जमलं होतं हेही त्यानेच सांगितलं आहे. तो लबाड आहे असा निकाल लावायची घाई नको. मात्र ‘कोण सांगतंय’ या रकान्यात निकचं नाव लिहिताना यापुढे पेन्सिल वापरा.

तिसरा शनिवार : प्रकरण ४

हा तारखांचा दिवस. गॅट्सबी गाडीत स्वतःची कहाणी सांगतो आणि निक मिडवेस्टमधलं, म्हणजे अमेरिकेच्या मध्यभागातलं, गाव विचारतो, तर उत्तर येतं सॅन फ्रान्सिस्को. ते पश्चिम किनाऱ्यावर आहे. पण लगेच तो खरं पदक आणि ऑक्सफर्डचा खरा फोटो दाखवतो. खोट्याला खऱ्याचा टेकू असा दिलेला आहे, म्हणून दोन रंगांच्या शाई वापरा.

जॉर्डनने सांगितलेला भाग मात्र जुळवत जा. ऑक्टोबर १९१७ मध्ये लुईव्हिलला डेझी आणि लष्करातला तरुण अधिकारी गॅट्सबी. १९१९ च्या जूनमध्ये डेझीचं टॉमशी लग्न. आदल्या दिवशी टॉमने दिलेला मोत्यांचा सर, साडेतीन लाख डॉलरचा. अठराने गुणून आजच्या भावाने तो पन्नास कोटींच्या वर जातो. डेझी तो काढून परत करा म्हणते, हातात एक पत्र घट्ट धरून बसते. तिला थंड पाण्याच्या टबात बसवतात, तरी पत्र सोडत नाही. ते भिजून त्याचा लगदा होतो. अर्ध्या तासाने सर परत गळ्यात. या प्रसंगाची नोंद दोन ओळींत करा : एका बाजूला साडेतीन लाख, दुसऱ्या बाजूला एक पत्र. पत्र कोणाचं, हे जॉर्डन सांगत नाही. तो रकाना कोराच ठेवा.

मुलगी त्यानंतरच्या एप्रिलमध्ये झाली, म्हणजे १९२० साली. पहिल्या प्रकरणात, १९२२ च्या उन्हाळ्यात, डेझी ती तीन वर्षांची असल्याचं सांगते. हिशेबाने ती दोन वर्षांची हवी. ही लेखकाची चूक आहे, त्यातून रहस्य काढायला जाऊ नका. गटात हटकून कोणीतरी काढतं आणि पाऊण तास जातो.

वुल्फशाइमचं चित्रण त्या काळच्या ज्यूद्वेषाने माखलेलं आहे, ते तसं स्पष्ट म्हणा. पहिल्या प्रकरणात टॉम वंशश्रेष्ठत्वाच्या बाता मारतो तेव्हा लेखक त्याच्याकडे उपहासाने बघतो. इथे ते अंतर राखलेलं नाही.

चौथा शनिवार : प्रकरण ५ आणि ६

पुनर्भेटीचं दृश्य सावकाश वाचा. डेझी म्हणते, किती वर्षांत भेटलो नाही आपण. गॅट्सबी लगेच म्हणतो, येत्या नोव्हेंबरात पाच. तीही वर्षंच मोजते, पण ढोबळ. त्याने महिनाही मोजला आहे. याच वेळी तो निकच्या फळीवरच्या बंद पडलेल्या घड्याळाला टेकलेला असतो आणि ते पडता पडता तो धरतो.

मग शर्टांचा ढीग. इंग्लंडहून दर मोसमात मागवलेले, तलम लिननचे, जाड रेशमाचे, एकावर एक टाकत जातो आणि डेझी त्यांत तोंड खुपसून रडते : इतके सुंदर शर्ट कधी पाहिले नव्हते म्हणून. आता ‘कपडे’ हे खातं उघडा. मर्टल उसन्या सुटासाठी रडली, डेझी मालकीच्या शर्टांसाठी. दोन्ही नोंदी समोरासमोर वाचल्या की गटात बराच वेळ शांतता पसरते. ती मोडू नका.

याच प्रकरणात डेझीच्या धक्क्यावरचा तो हिरवा दिवा गॅट्सबीसाठी पुन्हा नुसता दिवा होतो. भ्रमनिरासाची पहिली नोंद इथे, आणि ती प्रेम हाती आल्याच्या दिवशीच. पुढे सगळं कोसळतं म्हणून भ्रम तुटला असं म्हणणाऱ्यांना हे पान दाखवा.

सहाव्या प्रकरणात खरी जन्मकथा येते : नॉर्थ डकोटातला जेम्स गॅट्झ, वयाच्या सतराव्या वर्षी बदललेलं नाव, डॅन कोडी या धनाढ्याची बोट, आणि त्याच्या मृत्युपत्रातले २५ हजार डॉलर जे त्याला मिळालेच नाहीत. ही रक्कम ‘येणे’ म्हणून लिहा, ती कधी जमा होत नाही. संपादक मॅक्सवेल पर्किन्सने हस्तलिखित वाचून गॅट्सबी फार धूसर वाटतो असं कळवलं होतं. त्यानंतर फिट्झजेराल्डने त्याच्या पूर्वायुष्याची मांडणी बदलली आणि माहिती थोडी थोडी करून पेरली.

पाचवा शनिवार : प्रकरण ७

सगळ्यात लांब प्रकरण, पुस्तकाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. यासोबत दुसरं काही ठेवू नका.

आधी गाड्यांचं कोष्टक काढा, नाहीतर शेवट कळणार नाही. शहराकडे जाताना गॅट्सबीची पिवळी गाडी टॉम चालवतो, बरोबर निक आणि जॉर्डन. टॉमची निळी गाडी गॅट्सबी आणि डेझीकडे. वाटेत विल्सनकडे पेट्रोल भरताना मर्टल खिडकीतून टॉमला पिवळ्या गाडीत बघते आणि जॉर्डनला त्याची बायको समजते. परतताना पिवळी गाडी डेझी चालवते, शेजारी गॅट्सबी. मर्टल धावत रस्त्यावर येते ती टॉमची गाडी समजून. तिला ठोकर बसते, गाडी थांबत नाही. एक साक्षीदार पोलिसांना आधी हलका हिरवा रंग सांगतो, तोही कोष्टकात लिहा.

बैठकीचा मुख्य वेळ प्लाझा हॉटेलातल्या खोलीला द्या. गॅट्सबीला डेझीकडून एकच वाक्य हवं आहे : टॉमवर माझं प्रेम कधीच नव्हतं. ती प्रयत्न करते, पण शेवटी म्हणते की एकेकाळी त्याच्यावर होतं, आणि तुझ्यावरही होतं. गॅट्सबी तिचा इंग्रजीतला ‘टू’ (too) हा एवढासा शब्द धरून बसतो. प्रत्येकाला हे दोन संवाद कागदावर मराठीत लिहायला सांगा, पाच मिनिटं द्या. मराठीत सगळा झगडा दोन अक्षरांत सापडतो. त्याला ‘तुझ्यावरच’ हवं आहे आणि तिच्याकडे ‘तुझ्यावरही’ आहे. एका ‘च’साठी त्याने पाच वर्षं आणि एवढी दौलत उभी केली आणि हाती ‘ही’ आला. ‘सुद्धा’, ‘पण’ वगैरे वापरून जी भाषांतरं येतील ती शेजारी शेजारी वाचून बघा, डेझीचा आवाज प्रत्येकात वेगळा लागतो.

हे झालं की डेझीला दोष देणारी माणसं कमी होतात. ती या दृश्यात खरं बोलते आहे. टॉम मात्र तिला परत मिळवतो ते प्रेमाच्या जोरावर कमी आणि गॅट्सबीच्या धंद्याची लक्तरं बाहेर काढून जास्त. रात्री निक खिडकीतून बघतो : नवराबायको स्वयंपाकघरात बसलेली, मध्ये थंड तळलेली कोंबडी आणि एल या बिअरच्या दोन बाटल्या, दोघांनीही हात लावलेला नाही. सुखी नाहीत, दुःखीही नाहीत, पण एकत्र आहेत. साडेतीन लाखांच्या नोंदीपुढे या पानाचा क्रमांक लिहा.

सहावा शनिवार : प्रकरण ८ आणि ९

विल्सनने केलेला गॅट्सबीचा खून आणि मग विल्सनची आत्महत्या चटकन येऊन जातात, तशाच जाऊ द्या. वहीत पाहायचं ते हिशेब कसे मिटतात. आठव्यात विल्सनला चामड्याचा, चांदीची वीण असलेला कुत्र्याचा पट्टा सापडलेला आहे. दहा डॉलरच्या पिल्लाने नवऱ्याला पुरावा दिला. नवव्यात टॉम निकला सांगतो की मर्टलसाठी ठेवलेला फ्लॅट सोडताना बिस्किटांचा डबा दिसला आणि आपण लहान मुलासारखे रडलो. हे रडणं खरं मानायचं का? दोन्ही बाजूंनी बोला. त्याच भेटीत त्याने विल्सनला गॅट्सबीचं नाव सांगितल्याचंही कबूल केलेलं असतं, हे विसरू नका.

चौथ्या प्रकरणातली पाहुण्यांची यादी आणि दफनाला आलेली माणसं आमनेसामने मांडा : निक, म्हातारा बाप, पाद्री, चार-पाच नोकर, पोस्टमन आणि लायब्ररीतला तो घुबड-चष्मेवाला. गॅट्सबीच्या घरात मुक्काम ठोकलेला क्लिपस्प्रिंगर फोन करतो तो आपले टेनिसचे बूट पाठवा म्हणून.

कोणी म्हणेल की ही १९२९ च्या मंदीवरची कादंबरी आहे. ती १० एप्रिल १९२५ ला प्रसिद्ध झाली, तेव्हा बाजार चढताच होता. पहिली आवृत्ती २०,८७० प्रतींची, दुसरी ३,००० ची, आणि लेखक वारला तेव्हा तिच्या प्रती गोदामात पडून होत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना सुमारे १,५५,००० प्रती फुकट वाटल्या गेल्या आणि पुस्तक लोकांच्या हाती गेलं ते तेव्हा.

आता गॅट्सबीच्या वडिलांनी दाखवलेलं पान. मुलाने लहानपणी एका काउबॉय-पुस्तकाच्या शेवटी लिहिलेलं वेळापत्रक, तारीख १२ सप्टेंबर १९०६. (ते पुस्तक प्रत्यक्षात १९१० चं आहे, ही आणखी एक चूक.) सहाला उठणं, सव्वासहाला व्यायाम, मग विजेचा अभ्यास, संध्याकाळी बोलण्याचा सराव. खाली संकल्प : एक दिवसाआड आंघोळ, आठवड्याला एक चांगलं पुस्तक किंवा मासिक, आईवडिलांशी नीट वागणं. आणि बचत, आठवड्याला ५ डॉलर, ते खोडून ३.

वहीच्या पहिल्या पानावर सोडलेल्या तीन कोऱ्या ओळींत ही नोंद करा. पहिल्या ओळीत तारीख. दुसरीत ५, आणि त्यावर त्याने मारली तशी काट. तिसरीत ३. ‘घेणारा’ या रकान्यात जेम्स गॅट्झ लिहा, गॅट्सबी नाही.